बाळ अंग धरत नाहीये: काळजी कधी करायची, काय करायचं?

केशरीसांज

माझी मुलगी नुकतीच अकरा महिन्यांची झाली. जन्माचं वजन २.९ किलो, सहाव्या महिन्यात ६.८, नवव्यात ७.२ आणि आता ७.३. म्हणजे गेल्या दोन महिन्यांत जेमतेम शंभर ग्रॅम. रांगते, धरून उभी राहते, टाळ्या वाजवते, दिवसभर बडबड चालू असते. पण बाळसं उतरलंय हे अंघोळ घालताना दिसतं. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध होतं, मग वरचं खाणं सुरू केलं. चार-पाच चमचे खाते आणि तोंड फिरवते. मग मोबाइलवर गाणी लावून, तिच्यामागे फिरून आणखी थोडं. एकेक जेवण तासभर चालतं. अंगावरचं दूध दिवसा अजून घेते, रात्री उठली की बाटलीने गाईचं दूध देतो, निदान दूध तरी पोटात जावं म्हणून. मध्ये दोनदा सर्दी-ताप होऊन गेला.

घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं हिची चणच बारीक, दुसऱ्याचं म्हणणं लगेच टॉनिक सुरू करा. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर इथल्या अनुभवी मंडळींना विचारते: बारीक चण आणि खरोखर वाढ अडणं यातला फरक कसा ओळखायचा? डॉक्टरांना काय विचारू? आणि खाण्याचं काय करू?

रानपाखरू

माझा मुलगा याच वयात अगदी असाच होता, आता शाळेत सगळ्यात पुढे पळतो. खेळकर आहे ना? मग काट्याला घाबरू नका. रांगायला लागलं की वजन वाढायचं मंदावतंच.

आकडेमोड

रानपाखरू, मंदावतं हे खरं, पण किती मंदावतं ते बघायला हवं.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला २५ ते ३० ग्रॅमने वाढतं. सहाव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाच्या सुमारास तिप्पट. नऊ ते बारा महिन्यांत वेग बराच उतरतो, तरी मुलींमध्ये तो महिन्याला २००-२५० ग्रॅम असतो. म्हणजे या दोन महिन्यांत चार-साडेचारशे ग्रॅम वाढणं अपेक्षित होतं. शंभर ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

केशरीसांज, वाढीच्या तक्त्यावर एकच ठिपका बघू नका, सगळे ठिपके जोडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते २००६ साली आले. पेलोतास, अक्रा, दिल्ली, ऑस्लो, मस्कत आणि डेव्हिस या सहा शहरांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवरून ते बनवलेत. अंगावर पिणारी, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, पोषणाला अडचण नसलेल्या घरांतली मुलं मुद्दाम निवडली होती. त्यांतून असं दिसलं की पोषण आणि आरोग्य नीट असलं तर पहिल्या पाच वर्षांत जगभरची मुलं जवळपास सारखीच वाढतात. त्यामुळे 'आमच्याकडची मुलं बारीकच असतात' हे उत्तर लहान वयात फारसं टिकत नाही.

तिसरी शतमक रेषा म्हणजे शंभर निरोगी मुलांमध्ये तीन मुलं त्या रेषेखाली असणारच. तेव्हा खालच्या रेषेवर असणं हा आजार नव्हे. जन्मापासून त्याच रेषेला धरून वर चढणारं मूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं. प्रश्न येतो तो रेषा सोडून खाली उतरायला लागल्यावर. तुमची मुलगी सहाव्या महिन्यात ५० आणि १५ या शतमक रेषांच्या मध्ये होती, नवव्यात १५ च्या जवळ आली आणि आता १५ आणि ३ च्या मध्ये आहे.

तिची लांबी आणि डोक्याचा घेर किती? आणि सगळी वजनं एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय घेतलीत का?

चौकस

आकडेमोड आले, मंडळी वही-पेन्सिल काढा. :-)

पण माझाही एक प्रश्न आहे. आईवडील दोघंही लहान चणीचे असतील तर मूल त्यांच्यावर जाणार नाही का?

केशरीसांज

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. लांबी सहाव्या महिन्यात ६५ सेंमी होती, आता ७१. डोक्याचा घेर ४४. वजनं दोन वेगवेगळ्या ठिकाणची आहेत. शेवटचं लंगोट काढून घेतलं, आधीच्या वेळी काय केलं होतं ते आठवत नाही. आम्ही दोघंही उंचीने कमीच आहोत.

थोरली

तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली आहेत, म्हणून लिहिते. मुलांना भूक कळत नाही, आईला कळते. मांडीवर घ्यायचं आणि वाटी संपेपर्यंत भरवायचं. रडलं तरी दोन घास जातातच. हल्ली आयांना मुलांचं रडणं सोसवत नाही आणि मग मुलं रोडावतात.

वडाचीसावली

थोरलीताई, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून या एका मुद्द्यावर ठाम विरोध नोंदवते. सवडीने सविस्तर लिहिते.

स्टेथोस्कोप

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करता येणार नाही, करूही नये, पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगतो.

आधी चौकस यांचा प्रश्न. जन्माचं वजन बरंचसं गर्भातल्या परिस्थितीवर ठरतं. पुढे सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत मूल आपल्या आनुवंशिक रेषेकडे सरकतं. लहान चणीच्या आईवडिलांचं मूल या काळात एखादी रेषा खाली येऊ शकतं. पण तेव्हा वजन आणि लांबी दोन्ही बरोबरीने उतरतात आणि नव्या रेषेवर स्थिरावतात. केशरीसांज यांच्या मुलीची लांबी साधारण जागेवर आहे, वजन तेवढं घसरतंय. याचं पहिलं कारण, बहुसंख्य मुलांमध्ये, पोटात जाणारी ऊर्जा कमी पडणं हेच असतं.

ऊर्जा कमी पडली की आधी वजन अडतं, बऱ्याच काळाने लांबी, आणि डोक्याची वाढ सर्वांत शेवटी. मेंदूला शरीर शेवटपर्यंत सांभाळतं. उलट वजन बरं आणि लांबीच खुंटलेली असेल तर थायरॉइड, वाढीचं संप्रेरक असा वेगळा विचार करावा लागतो. डोकं आधीपासूनच लहान असेल तर दिशा आणखी वेगळी. म्हणून तिन्ही मापं हवीत, नुसतं वजन नको.

मग कारणांचे तीन गट. पोटात पुरेसं जात नाही: दूध कमी पडणं, चोखता-गिळता न येणं, खाणं फार पातळ असणं, जेवणाची धास्ती. गेलेलं अंगी लागत नाही: सतत जुलाब, उलट्या, गायीच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी, सीलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार). किंवा शरीराचा खर्चच जास्त: हृदयाचा जन्मजात दोष, जुनाट संसर्ग, क्षयरोग, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग.

यातल्या बहुतेक गोष्टी नीट प्रश्न विचारून आणि अंगभर तपासून कळतात. रक्ताच्या चाचण्यांची लांबलचक यादी सरसकट करून क्वचितच नवं काही सापडतं. हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी एवढं बहुधा आधी होतं, पुढचं लक्षणं बघून.

आठवडाभर न थांबता लगेच दाखवायचं ते असं: दूध पिताना धाप लागणं, कपाळाला घाम सुटणं, ओठ निळसर होणं, हिरवी उलटी, शौचातून रक्त, बाळ निपचित पडून राहणं, लघवी अगदी कमी होणं, दोन्ही पावलांवर सूज. शिकलेली कौशल्यं विसरायला लागलेलं मूलही घरी ठेवू नये.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं वजन अडलं असेल तर वाट बघणं नाहीच. जन्मानंतर वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, पण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनाला पोचायला हवं.

मुग्धमना

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला. त्याचं वय तक्त्यावर मांडताना ते आठ आठवडे वजा करायचे असतात, दोन वर्षांचा होईपर्यंत. ही वजाबाकी न करता कुणीतरी त्याला 'कमी वजनाचा' ठरवलं होतं आणि आम्ही घाबरून गेलो होतो. वय दुरुस्त करून ठिपके मांडले तर रेषा अगदी सरळ वर चाललेली. ज्यांची बाळं लवकर झाली त्यांनी हे आधी तपासा.

भुईनळा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या मुलीच्या वेळीही सगळे 'बारीक चण', 'दात येतायत', 'चालायला लागली की होतं असं' म्हणत होते. वर्षापर्यंत उत्तम वाढ होती. त्यानंतर वजन थांबलं, पोट मोठं आणि हातपाय काड्या. शौच पातळ, फिकट, उग्र वासाचं. आणि स्वभाव पार बदलला. हसरी पोर दिवसभर किरकिर करायला लागली. या बदलाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं असं मला आज वाटतं.

निदान सीलिअ‍ॅकचं निघालं. गहू, सातू, राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि अन्न शोषलं जात नाही. ते खाणं बंद केल्यावर तिने जे अंग धरलं ते बघून डोळे भरून येत.

शंका असेल तर कुणाच्या सल्ल्याने आधीच गहू बंद करू नका. रक्तातली प्रतिपिंडं तपासतात ती मूल गहू खात असतानाच वाढलेली दिसतात. आधी बंद केलंत तर तपासणी खोटी चांगली येऊ शकते आणि मग निदान लांबतं. आधी तपासणी, मगच पथ्य.

रानपाखरू

भुईनळा, वाचून अंगावर काटा आला. लेक आता कशी आहे?

भुईनळा

उत्तम. वर्गातली सगळ्यात वाचाळ मुलगी आहे, शिक्षकांची तक्रार असते. :-)

वडाचीसावली

आता सविस्तर लिहिते. आमच्याकडे भुईनळा यांच्या उलट झालं. मुलाच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या बऱ्या आल्या, वजन मात्र हलेना. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की एक जेवण माझ्यासमोर भरवा. त्यांनी काहीही न बोलता पाहिलं. आम्ही दोघं, पुढे मोबाइल, गाल धरून घातलेला चमचा, तोंडातला घास संपायच्या आत दुसरा तयार. मुलाची नजर पडद्यावर, मान मागे. त्यांचं निदान एवढंच होतं की मूल जेवत नाहीये, त्याला जेवण घातलं जातंय.

त्यांनी घालून दिलेली चौकट साधी होती. काय द्यायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वेळा ठरलेल्या. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही, येताजाता दुधाचा घोट नाही, बिस्किट नाही. जेवण वीस ते तीस मिनिटं, मग ताट उचलायचं, न रागावता. पडदा बंद. मुलाच्या हातातही चमचा द्यायचा, सांडलं तर सांडू दे. घरातली माणसं त्याच वेळी त्याच्याबरोबर जेवणार.

पहिले काही दिवस फार कठीण गेले, कारण त्याने आधीपेक्षाही कमी खाल्लं. मला रडू यायचं. मग एका दुपारी तो स्वतः वाटीकडे हात करायला लागला. वजन लगेच नाही वाढलं, जेवणाची भीती आधी गेली. वजन मागून आलं.

म्हणून थोरलीताई, रडवून गेलेले दोन घास फार महाग पडतात. मूल तोंड फिरवतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. ते ऐकलं नाही तर सांगायचं सोडून देतं, आणि मग चमचा दिसला की ओठ मिटतं.

थोरली

वडाचीसावली, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. आमच्या वेळी मुलं गोवर, जुलाबांनी हातची जायची. अंगावर चार दिवसांची भर असावी म्हणून आम्ही भरवायचो, त्यामागे भीती होती. तू म्हणतेस ते पटतंय, पण आजारातून उठलेल्या पोराला 'तुझी मर्जी' म्हणून सोडून द्यायचं का?

स्टेथोस्कोप

थोरलीताईंनी महत्त्वाचा मुद्दा काढला. आजारपणात भूक मरते, तेव्हा दूध आणि थोडं थोडं खाणं वारंवार पुढे करत राहायचं, उपाशी ठेवायचं नाही. जुलाबातही खाणं बंद करायचं नसतं. आजार सरल्यावर भूक जोराने परतते आणि तोच भरून काढायचा काळ. पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं. ज्या मुलाला लागोपाठ आजार होतात आणि ही मधली खिडकी मिळत नाही, त्याची रेषा पायरी-पायरीने खाली येते. केशरीसांज, दोन सर्दी-तापांच्या तारखा वजनाच्या तक्त्यावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

जुलाब झाले असतील तर क्षार-साखरेच्या पाण्याबरोबर जस्तही (झिंक) देतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, दहा ते चौदा दिवस.

मृद्गंध

मी आहारतज्ज्ञ आहे. 'खाण्याचं काय करू' या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, तिकडे वळते.

नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण ३०० उष्मांक लागतात. वर्षानंतर साडेपाचशेच्या आसपास. पोटाची जागा मात्र छोटी, किलोमागे ३० ग्रॅम धरतात. म्हणजे ७.३ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर सव्वादोनशे ग्रॅम मावतं, आणि तेही क्वचित. पातळ, चमच्यावरून ओघळणाऱ्या लापशीत ग्रॅममागे अर्धा उष्मांकसुद्धा नसतो. पोट भरतं, पण पाण्याने. हवा तो ग्रॅममागे किमान ०.८, आणि वजन अडलेलं असेल तर एक किंवा त्याहून जास्त.

म्हणून पहिली सुधारणा घट्टपणाची. चमचा तिरका केला तर घास चटकन पडू नये. दुसरी, प्रत्येक वाटीत छोटा चमचाभर तेल, तूप किंवा लोणी. एका चमच्यात ४५ उष्मांक असतात, आकार मात्र वाढत नाही. पण वाटीभर तूप ओतू नका. त्याने भूक मरते आणि प्रथिनं, लोह यांची जागा जाते. तिसरी, रोज अंडं, मांस, मासे किंवा घट्ट शिजवलेली डाळ-कडधान्यं यांपैकी काहीतरी हवंच. नुसतं धान्य आणि फळ यावर हे वय निघत नाही. जेवणं तीन-चार आणि मध्ये एखाद-दोन छोटी खाणी.

आता रात्रीच्या बाटलीबद्दल. केशरीसांज, ती रात्रभरात किती दूध पिते?

केशरीसांज

मोजलं नव्हतं. काल मुद्दाम मोजलं, तीन वेळा मिळून साधारण ४५० मिली.

मृद्गंध

मग दिवसा भूक लागणार कधी? अंगावरचं धरून तिच्या पोटाची बरीच जागा दुधाने भरते. शिवाय गाईच्या दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम खाण्यातलं लोह शोषू देत नाही. लोह कमी पडलं की भूक आणखी मंदावते. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य पेय नसावं असं सांगतात ते याचसाठी. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. अंगावरचं चालू ठेवा, मात्र जेवणाच्या आधी नको, नंतर द्या.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची खाण्याची वही घेऊन जा. किती वाढलं ते नको, किती गेलं ते लिहा.

पिंगळा

भूक वाढवणारं टॉनिक आणि डब्यातली वजन वाढवणारी पावडर, याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्याकडे दोन्ही चालू आहे, मुलगी तीन वर्षांची. काही दिवस खाते, थांबवलं की पुन्हा तेच.

स्टेथोस्कोप

पिंगळा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. भूक वाढवणाऱ्या बऱ्याच औषधांत अ‍ॅलर्जीवरचं एक जुनं द्रव्य असतं. ते घेताना भूक लागते आणि गुंगीही येते, थांबवलं की परिणाम जातो. भूक का नाही, या प्रश्नाला ते हात लावत नाही. काही ठरावीक आजारांत आम्ही देतो, पण दुकानातून आणून मुलाला पाजण्याचं ते औषध नाही.

पावडरीच्या डब्यावरची साखर वाचा. आणि मुलीचे ठिपके आधी मांडा. दोन ते पाच वर्षांत मुलं वर्षाला दोन किलोच्या आसपासच वाढतात, या वयात भूक कमीजास्त होणं नैसर्गिक आहे. कदाचित तिला कशाचीच गरज नसेल.

तिन्हीसांज

जरा अवांतर. मी बरीच वर्षं निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पोषण केंद्रांवर काम केलं आहे. तिथे तक्ता उघडायला वेळ नसतो, मूल समोर असतं आणि मागे लांब रांग. तिथे दंडघेराची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची. ११.५ सेंमीच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच उपचार. ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा. आई स्वतः घरी मोजू शकते आणि आयांची मापं चांगली येतात, हे मी पाहिलं आहे.

पावलांवर दाबून खळगा पडतोय का हेही बघतो. सूज असलेल्या मुलाचं वजन फसवं असतं, पाण्यामुळे ते बरं दिसतं आणि आतून मूल ढासळत असतं.

वाढीचा तक्ता आईच्या हातात देण्याची कल्पना रुजवणाऱ्यांत डेव्हिड मॉर्ले हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९५०-६०च्या दशकांत नायजेरियातल्या खेड्यात काम करताना तो वापरला. कागद दवाखान्यात न राहता घरी राहायचा. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण रेषा आडवी होताना आईला सगळ्यांच्या आधी दिसते.

चौकस

हे अवांतर मूळ धाग्यापेक्षा भारी. तिन्हीसांज, यावर स्वतंत्र धागा काढाच.

आकडेमोड

+१. आणि केशरीसांज, ७१ सेंमी लांबीला ७.३ किलो हे सरासरीपेक्षा कमी आहे, पण कुपोषणाच्या रेषेच्या वर आहे. रेषा वळली आहे, तुम्ही वेळेत बघताय.

पुढची वजनं एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, साधारण एकाच वेळी घ्या. भिजलेला लंगोट सहज शंभर-दीडशे ग्रॅम भरतो, आणि तुमची दोन महिन्यांची वाढच तेवढी आहे. या वयात महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर ठेवलंत तर दूध पिण्या-शू करण्याचे चढउतारच मोजाल. लांबी दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवूनच मोजतात, त्यानंतर उभं करून. उभ्याने माप ०.७ सेंमी कमी भरतं, म्हणून एकदम 'उंची घटली' असं वाटलं तर आधी कसं मोजलं ते विचारा.

निशिगंध

मी फक्त वाचत होते, पण एक लिहावंसं वाटलं. मूल अंग धरत नसलं की येणारं-जाणारं प्रत्येक माणूस आईकडे बघून विचारतं, 'खायला घालत नाहीस का?' माझ्या मनात तो प्रश्न इतका बसला की चमचा हातात घेतला की माझे हात थरथरायचे आणि ते लेकीला जाणवायचं. नवऱ्याने रात्रीचं जेवण स्वतःकडे घेतलं, त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. केशरीसांज, एखादं तरी जेवण दुसऱ्या कुणाकडे सोपव. बाळंतपणानंतर मन सतत उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. मुलाच्या खाण्याशी त्याचा थेट संबंध असतो आणि त्यावर उपचार आहेत.

थोरली

निशिगंधला अनुमोदन. माझ्या सुनेला मी हेच विचारायची. आजपासून नाही विचारणार.

केशरीसांज

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेऊन गेले होते, खरंच सांगते. डॉक्टरांनी वही नीट वाचली, लांबी-डोकं पुन्हा मोजलं, हृदय तपासलं, सांधे-पोट बघितलं. लघवीची तपासणी ठीक. हिमोग्लोबिन ९.४ आलं, लोहाची कमतरता. बाकी सध्या काही चाचण्या नकोत म्हणाले. लोहाचे थेंब सुरू केलेत, रात्रीची बाटली टप्प्याटप्प्याने बंद करायची, खाणं घट्ट करायचं आणि महिन्याने त्याच काट्यावर वजन. वजन तरीही हललं नाही तर पुढची तपासणी, त्यात सीलिअ‍ॅकची प्रतिपिंडंही बघणार आहेत. तोवर गहू चालू ठेवा म्हणाले. भुईनळा, तुमचे आभार कसे मानू.

पडदा बंद केलाय. पहिला दिवस फार रडारडीचा गेला, आज थोडी शांत आहे. रात्रीची बाटली सोडवताना मात्र जीव मेटाकुटीला येतोय. कुणी काय केलंत?

वडाचीसावली

आम्ही दर दोन-तीन रात्रींनी बाटलीतलं दूध थोडं थोडं कमी करत आणलं आणि झोपण्याआधीचं खाणं भरपेट केलं. तीन बाटल्यांपैकी मधली आधी बंद करा, ती सगळ्यात सोपी जाते. रात्री उठली की बाबांनी जावं, आईच्या वासाने दूध आठवतं.

स्टेथोस्कोप

दुधात पाणी घालून पातळ करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, प्रमाणच कमी करा. दातांसाठीही ही बाटली सुटणं चांगलं.

लोहाचे थेंब दुधाबरोबर देऊ नका. दोन खाण्यांच्या मध्ये, जमलं तर आंबट फळाच्या फोडीबरोबर द्या. शौच काळपट होईल, घाबरू नका. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडले आणि नंतर तोंड पुसलं तर दातांवर डाग कमी पडतात. थेंबांची बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, झाकण घट्ट लावून ठेवा. लोहाचा जास्त डोस लहान मुलांना जिवावर बेतू शकतो.

केशरीसांज

नोंद केली. हिमोग्लोबिन वाढलं की थेंब थांबवायचे का?

स्टेथोस्कोप

नाही. हिमोग्लोबिन आधी भरतं, शरीरातला लोहाचा साठा नंतर. आकडा नॉर्मल झाल्यावरही साधारण दोन-तीन महिने चालू ठेवतात. कधी थांबवायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, मधेच सोडू नका. महिन्याने वजन काय आलं ते इथे लिहा.